‘बिनआवाजी’ हेलिकॉप्टर खरंच असतं का? एक शेपटी, बरंच गणित आणि नरिमन हाऊसचं छत

मागच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. ज्यांना इअरफोन सापडत नाहीत किंवा ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, त्यांच्यासाठी. एपिसोडमध्ये बोलताना काही आकडे मी भराभर सांगितले होते, ते इथं जरा निवांत मांडतो.

विषय एका फोटोवरून निघाला. आपल्या एका श्रोत्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं एक चित्र पाठवलं. काळंकुट्ट, कोनाकोनाचं, बॅटमॅनच्या गॅरेजमधून आल्यासारखं हेलिकॉप्टर. खाली मजकूर : याच बिनआवाजी हेलिकॉप्टरमधून अमेरिकेनं लादेनला मारलं, पाकिस्तानला पत्ताच लागला नाही. सोबत प्रश्न : ‘भाऊ, हे खरं आहे का?’

चित्रातलं हेलिकॉप्टर खरं नाही. ते ‘झिरो डार्क थर्टी’ या २०१२ च्या सिनेमासाठी बनवलेलं मॉडेल आहे. सिनेमावाल्यांनी अंदाजानं बांधलेलं. इंटरनेटवर ‘लादेनवालं हेलिकॉप्टर’ म्हणून जी चित्रं फिरतात, त्यातली बहुतेक एकतर या सिनेमातली किंवा कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेली. पण त्या रात्री काहीतरी वेगळं, आधी कुणी न पाहिलेलं यंत्र तिथं होतं, हे मात्र खरं. पुरावा म्हणजे एक तुटलेली शेपटी. बास, एवढंच. अख्ख्या जगानं गेली कित्येक वर्षं जो काय तर्क लढवलाय, तो त्या एका शेपटीवर.

आम्ही सॉफ्टवेअरवाले असलं काम रोज करतो. सर्व्हर पडतो, हातात लॉगची शेवटची चार ओळी असतात आणि त्यावरून आत काय झालं असेल ते मांडायचं असतं. फरक एवढाच की आम्हाला नंतर कोड उघडून बघता येतो. इथं कोड अमेरिकेच्या तिजोरीत आहे.

तर शेपटी. २ मे २०११, पाकिस्तानातलं अबोटाबाद, रात्रीचा एकच्या आसपासचा सुमार. अफगाणिस्तानातल्या जलालाबादहून निघालेली दोन बदल केलेली ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं साधारण दीड तास उडून ओसामा बिन लादेनच्या वाड्यावर पोचली. चालवणारे अमेरिकी लष्कराच्या १६० व्या स्पेशल ऑपरेशन्स एव्हिएशन रेजिमेंटचे वैमानिक, आत नेव्ही सील कमांडो. पहिलं हेलिकॉप्टर वाड्याच्या आत तरंगत असतानाच खाली बसलं आणि त्याची शेपटी भिंतीवर अडकली. माणसं वाचली, काम झालं. निघताना कमांडोंनी ते यंत्र स्फोटकं लावून जाळलं. पण शेपटीचा तुकडा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला लटकत राहिला, तो जळला नाही. सकाळ झाली, फोटोग्राफर आले, आणि पाकिस्तानी लष्करानं अवशेष झाकून हलवेपर्यंत फोटो जगभर गेले होते.

ज्यांना ब्लॅक हॉक माहीत होतं, त्यांच्या लगेच लक्षात आलं की ही शेपटी ब्लॅक हॉकची नाही. नेहमीच्या ब्लॅक हॉकच्या शेपटीवरच्या पंख्याला चार पाती असतात, इथं पाच किंवा सहा असावीत असं दिसत होतं. पंख्याच्या मधल्या गुंतागुंतीच्या भागावर परातीसारखं गोल झाकण. आडवा पंख तिरका वळवलेला. पत्रा गुळगुळीत, बाहेर डोकावणारे नट-रिवेट जवळपास नाहीत, आणि रंग वेगळाच, चंदेरी करडा. ‘स्टेल्थ हॉक’ हे नाव लोकांनी पाडलेलं. अमेरिकी सरकारनं त्या यंत्राचं अधिकृत नाव, फोटो किंवा आकडे आजवर दिलेले नाहीत.

आता यातला प्रत्येक बदल कशासाठी, हे समजून घ्यायला आवाजाकडं जावं लागेल.

आमच्या बार्शीटाकळीत निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर येतं. मैदानात चुन्यानं गोल आणि ‘एच’ काढलेला असतो, बाजूला अग्निशमनची गाडी, आणि भाषणापेक्षा हेलिकॉप्टर बघायलाच जमलेले पोट्टे. लहानपणी एक गोष्ट हमखास व्हायची. आवाज यायचा, सगळे आभाळात बघायचे, आणि दिसायचं काहीच नाही. मग कुणीतरी ओरडायचं, ‘थे पाय, थे पाय!’ तोवर चांगला मिनिटभर गेलेला असायचा. म्हणजे हेलिकॉप्टर आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. कमांडोंच्या दृष्टीनं सगळा घोळ या मिनिटाचा आहे.

हा आवाज इंजिनाचा असतो असं वाटतं. तो मुख्यतः इंजिनाचा नसतो, पंख्याचा असतो. ब्लॅक हॉकचा मोठा पंखा मिनिटाला साधारण २५८ फेरे घेतो. चार पाती, म्हणजे सेकंदाला सतराएक वेळा हवेला धपाटा. पात्याचं टोक ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. हेलिकॉप्टर स्वतः ताशी २४० नं पुढं जात असेल, तर पुढं येणाऱ्या पात्याच्या टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांपर्यंत जातो. त्यात अजून एक भानगड. प्रत्येक पात्याच्या टोकाशी हवेचा भोवरा सुटतो आणि मागून येणारं पातं त्या भोवऱ्यावर आपटतं. फट्. फट्. फट्. उतरताना हे सगळ्यात जास्त होतं, कारण तेव्हा हेलिकॉप्टर स्वतःच्याच भोवऱ्यांत शिरत असतं. (एपिसोडमध्ये इथं दोन आवाज वाजवले होते, ते ब्लॉगवर टाकता येत नाहीत. ऐकायचे तर एपिसोड लावा, आणि इअरफोनच लावा, मोबाईलच्या स्पीकरला खालचा सूर झेपत नाही.)

जड, खालचा आवाज लांब जातो, हवा त्याला फारसं खात नाही. लग्नाच्या वरातीत डीजे तीन गल्ल्या पलीकडं असला की गाणं कळत नाही, फक्त ‘धम धम’ येतं, तेच हे. शेपटीचा छोटा पंखा मात्र जास्त वेगानं फिरतो, त्यामुळं त्याचा सूर वरचा. तो तितका लांब जात नाही, पण आपला कान त्या सुराला जास्त तिखट असतो. जवळ आल्यावर जी करकर टोचते, त्यात त्याचा वाटा मोठा.

मग उपाय काय? पंखा हळू फिरवा. पण हळू फिरवला तर जोर कमी पडतो, म्हणून पाती वाढवा. चाराची पाच-सहा. म्हणजे शेपटीवर दिसलेली जास्तीची पाती ही शोभेची नव्हती. आवाज कमी करायचा हा जुना, माहीत असलेला मार्ग आहे.

किती जुना? १९७२. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटी सीआयएला उत्तर व्हिएतनाममधल्या विन्ह शहराजवळची एक टेलिफोन लाइन चोरून ऐकायची होती. त्यासाठी ह्यूज कंपनीच्या छोट्या हेलिकॉप्टरला पाच पात्यांचा पंखा, शेपटीला कात्रीसारख्या तिरक्या कोनात लावलेली चार पाती आणि धुराड्याला सायलेन्सर बसवला. डिसेंबर १९७२ मध्ये ते रात्री जाऊन यंत्र लावून आलं. लोक त्याला ‘द क्वाएट वन’ म्हणतात. एलियन नाही, जादू नाही. तीच पाती, तेच गणित, तेही आपल्या आईबाबांच्या लहानपणी.

आता गणित. मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं कमी केला, तर तो ऐकू येण्याचं अंतर ढोबळमानानं निम्मं होतं. समजा नेहमीचं हेलिकॉप्टर शांत रात्री चार किलोमीटरवरून कळतं. ताशी २४० म्हणजे मिनिटाला चार किलोमीटर. म्हणजे खालच्या माणसाकडं एक मिनिट. त्यातही आवाजाला चार किलोमीटर यायला बाराएक सेकंद लागतात, ती वजा करा. राहिली ४८ सेकंदं. आवाज सहा डेसिबलनं उतरवला तर २४ सेकंदं. अजून सहा उतरवला तर १२. बारा सेकंदांत झोपेतला माणूस उठून चप्पल शोधेल फार तर. चार किलोमीटर हा आकडा मी फक्त उदाहरणाला घेतलाय. वारा, टेकड्या, शहराचा गोंगाट यानं तो बदलतो. पण प्रमाण तेच राहतं.

म्हणून ‘बिनआवाजी’ हा शब्द मला खटकतो. अबोटाबादच्या शेजाऱ्यांनी पत्रकारांना काय सांगितलं? हेलिकॉप्टर अगदी डोक्यावर येईपर्यंत ऐकू आलं नाही. म्हणजे डोक्यावर आल्यावर आलंच! आणि त्या रात्री ते ऐकून जगाला सांगणारा पहिला माणूस कोण होता? आपल्याच बिरादरीतला. सोहेब अथर नावाचा आयटी सल्लागार, लाहोरचा गोंगाट सोडून शांतता हवी म्हणून अबोटाबादला राहायला आलेला. रात्री एक वाजता इथं हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय, असं कधी होत नाही, अशा अर्थाचं ट्वीट त्यानं केलं. काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. बराक ओबामांचं भाषण व्हायच्या कितीतरी तास आधी जगातली सगळ्यात गुप्त कारवाई ट्विटरवर पडलेली होती, आणि कुणालाच कळलं नाही की आपण काय वाचतोय.

रडारचं काय? इथं बरेच व्हिडिओवाले घसरतात. ‘स्टेल्थ’ म्हटलं की रडारवर गायब, असं सांगून मोकळे. रडारचा सिग्नल जाताना पातळ होतो आणि परत येतानाही. त्यामुळं हिशोब चौथ्या घाताचा होतो. रडारला दिसणारा ‘आकार’ तुम्ही एक दशांश केलात, तरी दिसण्याचं अंतर फक्त ५६ टक्क्यांवर येतं. अंतर निम्मं करायला आकार सोळावा हिस्सा करावा लागतो. विमानाला हे जमतं, कारण त्याचा सांगाडा स्थिर असतो. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर मात्र पंखा गरगर फिरत असतो आणि फिरणाऱ्या पात्यांची रडारवर खास ओळख उमटते. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असलं तरीही. शेपटीवरचं परातीसारखं झाकण यावरचाच थोडा इलाज असावा, असा जाणकारांचा अंदाज आहे.

मग पाकिस्तानच्या रडारला दिसलं काहून नाही? मोठं कारण जमिनीचं आहे. दहा मीटर उंचीवरच्या रडारला दहा हजार मीटरवर उडणारं विमान साध्या सूत्रानं चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकतं. तेच रडार तीस मीटरवरून येणाऱ्या हेलिकॉप्टरला पस्तीसएक किलोमीटरच्या आत आल्याशिवाय पाहू शकत नाही, पृथ्वीची गोलाईच आड येते. त्यात डोंगर असले तर विचारूच नका. आपल्याकडचं सांगतो. अकोल्याच्या सपाट काळ्या रानात उभं राहिलात तर क्षितिजापर्यंत सगळं मोकळं. पण महानच्या धरणापलीकडं काटेपूर्णाच्या टेकड्यांत कुणी दरीदरीनं आलं, तर अकोल्याचं रडार टेकडीच्या पाठीकडं बघत बसेल. जलालाबाद ते अबोटाबाद हा रस्ता तर त्याहून कितीतरी मोठ्या डोंगरांचा. शिवाय पाकिस्तानच्या स्वतःच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१३ मध्ये अल जझीरानं फोडला. त्यात पश्चिम सीमेवरची रडारं शांतताकाळाच्या हिशोबानं लावलेली होती, हे आलंय. सगळं लक्ष पूर्वेकडं, म्हणजे आपल्याकडं. ज्या बाजूला कुणी बघतच नाही, त्या बाजूनं साधं हेलिकॉप्टरसुद्धा बरंच ‘स्टेल्थ’ होतं.

आणि परत जाताना? एक ब्लॅक हॉक जळालेलं, म्हणून मदतीला शिनूक आलं. दोन पंख्यांचं, अवाढव्य, गावभर ऐकू जाणारं. अर्धे कमांडो त्यातून परतले. तरी कुणी अडवू शकलं नाही. मला तरी यातून एवढंच दिसतं : ती महागडी शेपटी फक्त यायच्या शेवटच्या एकदोन मिनिटांसाठी होती.

त्या मिनिटांची किंमतही मोजावी लागली असावी. ऑगस्ट २०११ च्या ‘न्यूयॉर्कर’मधल्या सविस्तर वृत्तांतात अपघाताचं कारण दिलंय. सरावासाठी वाड्याची जी प्रतिकृती बांधली होती, तिला जाळीचं कुंपण होतं. खऱ्या वाड्याला उंच, भरीव भिंती. जाळीतून पंख्याची हवा बाहेर निघून जायची. भिंतींत ती कोंडली, वर फिरली आणि हेलिकॉप्टर स्वतःच्याच खाली दाबलेल्या हवेत बुडालं. विहिरीत बादली हापसावी आणि पाणी उसळून तोंडावर यावं, तसं. त्यात हवा अपेक्षेपेक्षा गरम, म्हणजे विरळ. स्टेल्थसाठी लावलेल्या जास्तीच्या सामानाचं वजनही नडलं, असंही बरेच जण म्हणतात. हा शेवटचा भाग तर्क आहे, पण पटण्यासारखा. टेस्टिंगच्या सर्व्हरवर सगळं हिरवं आणि प्रॉडक्शनला गेल्यावर राख, हे ज्यानं भोगलंय त्याला ती जाळी आणि ती भिंत लगेच कळेल.

तर्काबद्दल एक जुना किस्सा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडं गुप्त स्टेल्थ विमान आहे अशी कुजबुज होती. १९८६ मध्ये टेस्टर्स नावाच्या खेळण्यांच्या कंपनीनं त्याचं ‘एफ-१९’ नावाचं मॉडेल बाजारात आणलं. गोलगोल, माशासारखं. प्रचंड खपलं, अमेरिकी संसदेतसुद्धा त्यावर चर्चा झाली. १९८८ मध्ये खरं विमान जाहीर झालं, एफ-११७. ते निघालं हिऱ्यासारखं पैलू पाडलेलं. साम्य शून्य. स्टेल्थ हॉकच्या पुढच्या भागाची जी चित्रं तुम्ही बघता, ती याच जातीची. शेपटीचं चित्र पुराव्यावर, बाकी सगळं कल्पनेवर. २०२० मध्ये ‘द वॉर झोन’ या संकेतस्थळानं एका जुन्या ब्लॅक हॉकचा फोटो छापला. त्याच्या नाकावर आणि पंख्याच्या बुडाशी असेच प्रयोग केलेले दिसतात. अबोटाबादच्या यंत्राचा तो आजोबा असावा, असं म्हणतात. खरी शेपटी मे २०११ च्या अखेरीस पाकिस्ताननं अमेरिकेला परत दिली. त्याआधी चिनी अभियंत्यांना ती बघू दिली, अशी बातमी ‘फायनान्शियल टाइम्स’नं दिली होती. पाकिस्ताननं ती नाकारली.

आता आपल्या घराकडं येऊ. कमांडो हेलिकॉप्टरमधून छतावर उतरतायत, हे दृश्य आपल्या महाराष्ट्रानं अबोटाबादच्या अडीच वर्षं आधी पाहिलं होतं. शब्दशः पाहिलं, टीव्हीवर.

२८ नोव्हेंबर २००८, सकाळ. कुलाब्याच्या गल्लीतलं पाच मजली नरिमन हाऊस. आत २६ तारखेच्या रात्रीपासून दोन दहशतवादी आणि ओलीस. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युअल आदल्या दिवशीच छातीशी धरून बाहेर घेऊन आली होती. हवाई दलाचं एमआय-१७ आलं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून एकामागून एक गच्चीवर उतरले. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडं शेजारचे चार घरचे लोक टीव्हीसमोर बसलेले, आणि सगळ्यांना वाटत होतं, आता झालं, सुटले.

एमआय-१७ हे मालवाहू हेलिकॉप्टर. पाच पात्यांचा अजस्र पंखा, गल्लीतली प्रत्येक काच थरथरावी असा आवाज. तिथं स्टेल्थ हॉक असतं तर फरक पडला असता का? एपिसोड झाल्यावर सगळ्यात जास्त मेसेज याच प्रश्नावर आले. माझं उत्तर : नाही. आवाजानं जी सेकंदं वाचतात, ती तोवर कधीच हातातून गेली होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर आणि रस्त्यावर गर्दी, कॅमेरे लागलेले, देशभर थेट प्रक्षेपण चालू. आतल्या दोघांच्या कानाला फोन, आणि फोनच्या पलीकडं पाकिस्तानात बसलेले त्यांचे म्होरके टीव्ही बघत होते. म्हणजे हेलिकॉप्टर किती डेसिबलचं आहे याला अर्थच उरला नव्हता. ते टीव्हीवर होतं.

संध्याकाळपर्यंत दोन्ही दहशतवादी मारले गेले. सहाही ओलिसांचा जीव गेला. हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट तिथं शहीद झाले, त्यांना नंतर मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबच्या खटल्याचा निकाल देताना वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. जवान कुठं आहेत, काय करतायत, हे पलीकडच्यांना त्यातून समजत होतं, हे न्यायालयानं नोंदवलं. वाहिन्यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की त्यांना तेव्हा रोखणारं स्पष्ट कलम नव्हतं. ते आलं मार्च २०१५ मध्ये, केबल टीव्हीच्या नियमांत. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, ठरलेला अधिकारी अधूनमधून माहिती देईल तेवढीच दाखवायची.

एकाच प्रकारच्या दोन कारवाया शेजारी ठेवून बघा. अबोटाबादला एका माणसानं ट्वीट केलं, पण काय घडतंय हे कळण्याआधी चाळीसएक मिनिटांत सगळं आटोपून मंडळी निघूनही गेली. मुंबईत कारवाईला वेळ लागत गेला आणि प्रत्येक मिनिट कॅमेऱ्यावर होतं. यंत्राचा फरक यात फार खाली येतो.

आपल्याकडं असं काही गुप्त यंत्र आहे का, असंही विचारलं गेलं. जाहीर आहे तेवढं सांगतो. एचएएलचं ‘प्रचंड’ हे हल्ल्याचं हेलिकॉप्टर ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला हवाई दलात दाखल झालं. त्याच्या रचनेत रडार, उष्णता आणि आवाज यांच्या खुणा कमी ठेवायचा प्रयत्न आहे. पण त्यात दोघंच बसतात, कमांडो उतरवायचं ते वाहनच नाही. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकमध्ये हेलिकॉप्टरनं जवान उतरवले, अशा बातम्या सुरुवातीला आल्या होत्या. सरकारनं मात्र ती जमिनीवरून केलेली कारवाई होती असं सांगितलं. बाकी यूट्यूबवर जे ‘भारताचं गुप्त भूत हेलिकॉप्टर’ फिरतंय, त्याच्या थंबनेलवरसुद्धा ते सिनेमातलंच मॉडेल आहे, नीट बघा.

जाता जाता एक तारीख. २६ एप्रिल २०२५, पहलगामच्या हल्ल्यानंतर चौथा दिवस. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं पुन्हा सूचना काढली की सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवू नका. त्यात २६/११ चं नाव घेऊन उदाहरण दिलंय. आणि यावेळी वाहिन्यांच्या सोबतीनं सोशल मीडिया वापरणाऱ्यांनाही बजावलंय, म्हणजे हा ब्लॉग ज्या फोनवर वाचताय, त्यालाही.

पुढच्या एपिसोडमध्ये फवारणीच्या ड्रोनचा आवाज. तो मधमाशीसारखाच काहून येतो, आणि शेताच्या धुऱ्यावरून नुसत्या आवाजावर तो किती लांब आहे ते कसं ओळखायचं. येतो मग.